धुळाच्या वाटीतले दाणे

सांगली
रविवार, ४ नोव्हेंबर १९७३

प्रिय हंबीरराव,

जय जिनेंद्र आणि रामराम, दोन्ही घे. आज आधी बातमी सांगतो, मग खुशाली विचारतो. खुशाली कुठं पळून जात नाही.

भारताच्या फुटबॉल संघात धुळाचं नाव आलं आहे. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीखाली, चारच ओळी आहेत. १८ तारखेला मुंबईत ब्रह्मदेशाशी मैत्रीचा सामना, आणि यादीत 'लेफ्ट बॅक : डी. कोळेकर, सेनादल'. दुकानात एक गिऱ्हाईक तांब्या वाजवून बघत होतं. त्याला मी सांगितलं, हा पोरगा म्हसवडचा, मेंढरांमागून उठून पलटणीत गेला, आणि त्याला तिथं नेऊन बूट घालायला शिकवणारा हवालदार हंबीरराव घार्गे म्हणजे माझा बोर्डिंगातला दोस्त. गिऱ्हाईक म्हणालं, ते असू दे, तांब्या गळत नाही ना ते सांगा.

तर आता नीट ऐक. पंधरा वर्षं आपण दोघं रेडिओ ऐकून खेळाडूंना दहापैकी गुण देत आलो, तू आधी पलटणीतून, मग वडूजहून आणि मी इथून. आपले नियम मला मान्य आहेत. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र बघायच्या आत गुण टपालात पडले पाहिजेत, एकदा टाकलेले गुण बदलायचे नाहीत, आणि आपल्या माणसाला अर्धाही गुण जास्त द्यायचा नाही. पण या खेपेला रेडिओ कशाला? चल मुंबईला. तिकिटं मी काढतो. मी मिरजेला गाडीत बसतो, तू कोरेगावला चढ. बोर्डिंगच्या संघात मी गोलात उभा असायचो आणि तू माझ्यापुढं बॅक. म्हातारपणी एकदा शेजारी शेजारी बसून दुसऱ्यांना नावं ठेवू.

आणि हो, मागच्या पत्रात तुझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. पाटावर कागद ठेवून लिहीत जा, गुडघ्यावर नको. साळूवहिनींना नमस्कार सांग.

तुझा
बाहुबली मगदूम


वडूज
८ नोव्हेंबर १९७३

बाहुबली,

रामराम. तुझं पत्र आलं आणि साळूनं शेजारीपाजारी गूळ वाटला. म्हसवडला धुळाच्या आईकडंही निरोप धाडला. ती म्हणाली म्हणे, देशाकडनं खेळतोय ते बरं आहे, पण मेंढरं कातरायला कधी येणार?

मुंबईला येणं मला जमायचं नाही. शाळू कोळपायला आला आहे, बैलाचा खांदा सुजला आहे, आणि मुंबईची हवा मला मानवत नाही. यातलं एक कारण पटलं नाही तर दुसरं घे.

शिवाय एकानं डोळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्यानं कानांनी ऐकायचं, मग गुण सारख्या मापानं पडणार कसे? म्हणून तूही जाऊ नकोस. तसा मला शब्द दे.

माझी मांडणी तयार आहे. तुझ्याच दुकानातल्या अकरा पितळी वाट्या रेडिओपुढं मांडतो. उंबऱ्याजवळ गोलकीपर, त्याच्यापुढं बॅक, मग हाफ, आणि चुलीकडं फॉरवर्ड. रेडिओवर ज्याचं नाव घेतलं त्याच्या वाटीत शाळूचा एक दाणा. दोन वर्षांमागं मी पेन्सिलीच्या खुणा सोडून दाण्यांवर आलो तेव्हा तू हसला होतास. पण दाणा बोटाला लागतो. खेळ संपला की वाटी हातात घ्यायची, कोण किती खेळला ते वजनावरून कळतं.

धुळाचा पेपर मी कडकच तपासणार. माझ्या हाताखालचा पोरगा आहे म्हणून लोकांनी बोट दाखवायला नको, आणि त्याच्याही डोक्यात हवा जायला नको.

हंबीरराव


सांगली
१२ नोव्हेंबर १९७३
(पोस्टकार्ड)

हंबीरराव,
बरं.
बाहुबली


वडूज
रविवार, १८ नोव्हेंबर १९७३, दिवेलागण

बाहुबली,

वाट्या अजून जमिनीवरच आहेत आणि मी लिहायला बसलो आहे. असला रटाळ सामना पंधरा वर्षांत ऐकला नाही. शून्य-शून्य. शेवटी शेवटी रेडिओवाल्यालाच काही सुचेना. तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलला, पाहुण्यांच्या पिवळ्या सदऱ्यांबद्दल बोलला, आणि एकदा तर मैदानात शिरलेल्या कुत्र्याबद्दल पाच मिनिटं बोलला. कुत्र्याला वाटी मांडली असती तर ती भरली असती.

गुण लिहून घे. गोलकीपर सहा, दोनच चेंडू आले आणि दोन्ही धरले. राइट बॅक पाच. मधला बॅक सात, त्याचं नाव सारखं येत होतं, वाटी चांगली जड झाली. हाफ तिघेही चार चार, चेंडू एकमेकांना देत बसले होते, पुढं कोण नेणार? सेंटर फॉरवर्ड तीन. लेफ्ट आउट पाच. बाकी दोघांना चार म्हणजे खूप झालं.

धुळाला दोन.

वाटी पुन्हा तोलून बघितली, तरी दोनच. नव्वद मिनिटांत त्याच्या वाटीत चार दाणे पडले. त्यातला एक सुरुवातीला यादी वाचताना, आणि एक नाव चुकीचं घेऊन. देशाचा सदरा अंगात घालून पोरगा नुसता उभा राहिला असणार. ब्रह्मदेशाचा तो सात नंबरचा राइट आउट, सुरुवातीला त्याची केवढी तारीफ केली, तोही पुढं गायब झाला. आजारी असावा. समोर आजारी माणूस असताना आमच्या पोराला चार पावलं पुढं जाता येत नाही?

धुळालाही मी वेगळं पत्र लिहिलं आहे. दोन गुण दिले हे कळवलं, आणि पलटणीची लाज राखली नाहीस असंही लिहिलं. उस्तादानं खरं सांगायचं नाही तर कुणी सांगायचं? दोन्ही पत्रं सकाळच्या थैलीत जातील.

हंबीरराव


सांगली
सोमवार, १९ नोव्हेंबर १९७३

प्रिय हंबीरराव,

घाईत आहे, गुण तेवढे घे. गोलकीपर पाच. राइट बॅक सहा. मधला बॅक चार, सगळा वेळ स्वतःच केलेली चूक निस्तरत होता. हाफ पाच, पाच आणि तीन. फॉरवर्ड सगळे मिळून बारा, आपसात वाटून घेऊ देत.

धुळा नऊ.

बाकी पुढच्या पत्रात.

बाहुबली


वडूज
२२ नोव्हेंबर १९७३

बाहुबली,

नऊ? तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. पंधरा वर्षांत तू कुणाला नऊ दिलेस ते सांग. सात दिले की तुझा हात दुखायचा.

मला खूश करायला दिले असशील तर मला तुझी कीव येते. नियम कुणी लिहिला होता? पंधरा वर्षांमागं आपलं जुनं बोर्डिंग बघायला गेलो तेव्हा पायरीवर बसून तूच लिहिला होतास. आणि हे मधला बॅक चूक निस्तरत होता वगैरे तुला कुठल्या रेडिओनं सांगितलं? माझ्या रेडिओवर तर त्याच्या नावानं टाळ्या पडत होत्या. सांगलीला वेगळा सामना लागला होता का?

चार दाण्यांत नऊ गुण कसे बसतात ते मला समजावून दे. नाहीतर हा आपला खेळ इथंच बंद करू, आणि वाट्या तुझ्या तुला पाठवून देतो.

हंबीरराव घार्गे


सांगली
रविवार, २५ नोव्हेंबर १९७३

प्रिय हंबीरराव,

वाट्या पाठवू नकोस. मी खोटं वागलो. मी मुंबईला गेलो होतो.

तू शब्द मागितलास तेव्हा मी 'बरं' एवढंच लिहिलं, आणि तेवढ्यावर मनाची समजूत घातली. घरी चंपा म्हणते, पर्युषण तर भादव्यातच सरलं, आता पुढच्या पर्युषणात क्षमा मागेपर्यंत हे वर्षभर डोक्यावर घेऊन हिंडा. मी तेवढं थांबणार नाही. आजच मागतो. पोरगा आपल्या मुलखातला पहिल्यांदा देशाकडून खेळतो आणि मी कपाटावरच्या रेडिओसमोर बसू? मला राहवलं नाही.

आता मी काय पाहिलं ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

तो सात नंबरचा आजारीबिजारी नव्हता. हरणासारखा पोरगा. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं दोनदा चेंडू मागितला. दोन्ही वेळा चेंडू निघायच्या आधी धुळा मध्ये येऊन उभा राहिलेला. धावत नाही, ओरडत नाही, नुसता उभा. चेंडू देणारा बघायचा, थबकायचा आणि दुसरीकडं द्यायचा. तिसऱ्यांदा तसंच झालं आणि चौथ्यांदाही. वीस मिनिटांनंतर ब्रह्मदेशवाल्यांनी ती बाजूच सोडून दिली. चेंडू तिकडं गेलाच नाही तर रेडिओवाला धुळाचं नाव घेणार कसं, सांग बरं. नावं त्यांची आली ज्यांच्या अंगावर चेंडू आला, ज्यांनी तो घालवला आणि पुन्हा धरला.

मी गोलकीपर होतो, हंबीर. मैदानात मी चेंडू बघत नाही, माझ्यापुढचे बॅक बघतो. माझ्या आजूबाजूचे लोक जांभया देत होते, शेजारचा तर सरळ झोपला. सामना कंटाळवाणा झाला तो धुळानं केला म्हणून. नाहीतर ब्रह्मदेशानं तीन गोल घातले असते आणि रेडिओवाला घसा फुटेस्तोवर ओरडला असता. मी नऊच दिले कारण दहा देऊ नयेत असं तूच म्हणतोस.

माझ्यावर हवं तेवढं चीड. पण धुळाला तू ते पत्र धाडलं आहेस त्याचं आधी बघ. तुझ्या शब्दावर तो पोरगा किती चालतो ते तुला माहीत आहे. तार कर.

तुझा
बाहुबली


वडूज
६ डिसेंबर १९७३

बाहुबली,

हे अक्षर माझं नाही, माझी सून मनुबाई लिहिते आहे. मी सांगतो तसं.

तार मी त्याच दिवशी केली. पण धुळाचं उत्तर त्याच्या आधीच निघालं होतं. ते तसंच उतरवायला सांगतो.

"उस्ताद, सलाम. तुमचं पत्र मिळालं. दोन मार्क बराबर हायत. कुणी टाळी वाजवली न्हाई, पेपरात नाव न्हाई. मला वाटत हुतं मी चांगला खेळलो, पर तुमी लबाड बोलत न्हाई. फुडच्या दौऱ्याच्या क्यांपला माझ्या जागी दुसरा जाऊ दे असा अर्ज दिलाय. साहेब म्हणले, वीस तारखेपतूर इचार कर. इचार झालाय. आईला सांगा, मेंढरं कातरायला येतो."

तारेचं उत्तर एका ओळीत आलं. 'उस्ताद, माझं मन राखू नका.' त्याला वाटतं मी आता दयेपोटी बोलतो आहे. त्याचंही चूक नाही. एकदा दिलेले गुण मी बदलत नाही हे मीच त्याला दहा वर्षं शिकवलं.

आता तुला जे सांगायचं आहे ते मनुबाईसमोर सांगावं लागतंय, म्हणून आणखी अवघड जातं. बैलाचा खांदा सुजला नव्हता. मला दिसत नाही, बाहुबली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली. वर्तमानपत्र मनुबाई वाचते, तुझी पत्रंही तीच वाचते. पेन्सिलीच्या खुणा दिसेनात म्हणून मी दाणे घेतले. मुंबईला आलो असतो तर सगळं मैदान मला धुक्यातलं पटांगण दिसलं असतं आणि तुला पहिल्या मिनिटाला कळलं असतं. ज्याला दिसत नाही तो गुण देतो, हे तू हसून सांगितलं असतंस तरी मला सोसलं नसतं. आमचे भाऊसोकाका डोळे करून आले आणि उरलंसुरलं घालवून बसले, तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढलं की माझे पाय गार पडतात. तोफांपुढं पडले नाहीत ते.

तू खोटं वागलास हे खरं, पण तुझ्या खोट्यापेक्षा माझं खोटं थोरलं. तुझ्या खोट्यानं एका म्हाताऱ्याला राग आला. माझ्यामुळं एका पोराची जागा जाते आहे.

ज्या माळावर मी धुळाला पहिल्यांदा पाहिलं तिथं त्याची शंभर मेंढरं होती आणि दोन्ही अंगांना हिरवागार शाळू. बाकीची पोरं मेंढरांमागं बोंबलत पळत होती. हा एका जागी उभा होता, आणि त्याचं एक मेंढरू पिकात तोंड घालत नव्हतं. ते बघूनच मी त्याला पलटणीत नेलं. तेच मी विसरलो आणि वाटीतले दाणे मोजत बसलो.

वीस तारखेच्या आत मी बेळगावला, धुळाच्या पलटणीत जातो आहे. पत्रानं बिघडलेलं पत्रानं सुधारणार नाही. साळू बरोबर येते आहे. तू येऊ नकोस. तू आलास तर त्याला वाटेल, दोघं मिळून समजूत काढायला आलेत.

हंबीरराव


सांगली
९ डिसेंबर १९७३

प्रिय हंबीरराव,

जा. मिरज स्टेशनावर गाडी थांबेल तेव्हा चंपा भाकरी-चटणीचा डबा घेऊन उभी राहील. मी लांब उभा राहीन, तुझ्याशी बोलणार नाही. काही बोललो तर रडू येईल आणि गाडी तेवढी थांबत नाही.

ओळी गुडघ्यामुळं चढत नव्हत्या एवढं मला पहिल्यापासून कळायला हवं होतं. इतकी वर्षं तुझं अक्षर बघतो मी. मलाही दोनच गुण.

बाहुबली


वडूज
सोमवार, १७ डिसेंबर १९७३

बाहुबली,

मनुबाईचा हात दुखला तर दुखला, आज सगळं सांगणार आहे.

शनिवारी पलटणीतल्या दोन कंपन्यांची आपसातली मॅच होती. अर्ज दिला असला तरी सुभेदारानं धुळाला मैदानात उतरवला होता. मी आलोय हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सुभेदाराला सांगून डाव्या अंगाच्या रेषेला लागून जमिनीवर बसलो, धुळाच्या बाजूलाच. साळू शेजारी. तिनं जन्मात मॅच बघितलेली नाही. मी म्हटलं, तू दिसेल तसं सांगत जा.

थोडा वेळ ती नुसतं 'हिकडं गेला, तिकडं गेला' करत होती. मग म्हणाली, "आवं, आपला धुळा तर नुसता हुबाच हाय. पर त्यो लाल सदरेवाला त्याच्याकडंच बघतुया. चेंडू तिकडं आन ह्यो हिकडं बघतुया." जरा वेळानं परत म्हणाली, "रानाच्या बांधावर राखण्या हुबा ऱ्हातो बघा, तसा हाय त्यो."

ज्या बाईला गोल कुठला आणि रेषा कुठली ठाऊक नाही, तिला जे पाच मिनिटांत दिसलं त्यावर मी दोन गुण देऊन मोकळा झालो होतो.

मग मी कान लावले. रेडिओवर जे येत नाही ते रेषेजवळ ऐकू येतं. तो लाल सदऱ्याचा पोरगा सुरुवातीला सारखी हाक मारत होता, "इकडे दे, इकडे दे." दहा मिनिटांनी हाक कमी झाली. अर्ध्या तासानं त्यानं हाक मारणं सोडलं. मध्यंतराच्या शिट्टीपर्यंत त्या बाजूला मला फक्त धुळाचे बूट ऐकू येत होते, दोन पावलं इकडं आणि दोन पावलं तिकडं. एवढा मोठा खेळ मी आयुष्यात ऐकला नव्हता.

खेळ संपल्यावर धुळा आला, माझ्या पायांना हात लावला. मी म्हटलं, "मी तुला दोन दिलं ते बघून दिलं न्हाईत. मला दिसत न्हाई, धुळा. दोन वर्सं झाली. मी रेडिओवर तुजं नाव मोजलं."

साळू म्हणते, त्याचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं आता हा चिडेल, आणि चिडला असता तर बरं झालं असतं. मग तो खाली बसला, माझ्या बरोबरीनं, आणि म्हणाला, "उस्ताद, दोन मार्कांचं न्हाई वाईट वाटलं. तुमी बघितलंसा आन दोन दिलं, आसं समजून वाईट वाटलं."

मी म्हटलं अर्ज मागं घे. तर म्हणतो, "घेतो. क्यांपला जातो. पर आदी तुमी डोळं करून घ्या. फुडली म्याच सोता बघायची. आन बघून दोन वाटलं तर दोनच द्या, म्या तोंड वाकडं करणार न्हाई."

त्याला भाऊसोकाकांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मला सात नंबरवाल्याचं भ्याव वाटत न्हवतं व्हय? पाय कापत हुतं माझं. तरी हुबा ऱ्हायलोच की."

दहा वर्षं मी त्याला शिकवलं आणि त्यानं एका वाक्यात मला शिकवलं. सुभेदारासमोर त्यानं अर्ज फाडला तेव्हाच मी बेळगाव सोडलं.

संक्रांत झाली की डोळ्यांसाठी मिरजेला येतो. तू डॉक्टरांकडं दिवस ठरवून ठेव. नंतर मला पट्टी बांधून कुठं ठेवायचं ते चंपावहिनींना विचार. आणि मी ऐनवेळी बैलाच्या खांद्याचं नाव काढलं तर मला उचलून ने.

तुझ्या खोट्याची शिक्षाही ठरवली आहे. पुढचा सामना मी बघणार आणि तू रेडिओवर ऐकणार. सांगलीला बसून, वाट्या मांडून.

हंबीरराव


सांगली
१८ मार्च १९७४

प्रिय हंबीरराव,

तू दीड महिना इथं राहून गेलास तर घर रिकामं वाटतं. चंपा अजूनही चहाचा कप तुझ्या उजव्या हाताशी नेऊन ठेवते. पट्टी सुटली त्या दिवशी तू माझ्याकडं बघून, "तू एवढा म्हातारा कवा झालास रं," म्हणालास ते मी अजून विसरलेलो नाही. चष्मा पाण्यानं पुसू नकोस, डॉक्टरांनी मऊ फडकं दिलं आहे त्यानं पूस.

२४ तारखेला मुंबईत श्रीलंकेशी सामना, धुळा यादीत आहे, हे तुला कळलंच असेल. तिकिटं सोबत पाठवली आहेत, तुझं आणि साळूवहिनींचं. डाव्या अंगाची बाजू मागून घेतली आहे. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे वहिनींना आधीच सांग, नाहीतर त्या उठून धुळामागं पलीकडं जातील.

शिक्षा मान्य आहे. दुकानातल्या नव्या अकरा वाट्या काढल्या आहेत. या खेपेला 'बरं' लिहीत नाही, शब्द देतो.

बाहुबली


मुंबई
रविवार, २४ मार्च १९७४, सामन्यानंतर

बाहुबली,

हे अक्षर माझं आहे. ओळी सरळ आल्यात का बघ.

उद्या सकाळी पेटीत टाकतो, वर्तमानपत्र बघायच्या आत. एकच डोळा केला आहे आणि काच भिंगासारखी जाड आहे, त्यामुळं गोलकीपर मला खेळभर तिरका दिसला. त्याला पाच. तिरका नसता तर सहा दिले असते. राइट बॅक सहा. मधला बॅक चार, तू म्हणत होतास ते खरं आहे, तो आपल्याच चुका निस्तरतो आणि लोक टाळ्या वाजवतात. हाफ चार, पाच, चार. फॉरवर्ड मंडळींना काय द्यायचं ते समजत नाही, सगळ्यांना तीन. त्यांच्यातल्या एकानं गोलापुढं मोकळा उभा असताना चेंडू थेट रस्त्यावर धाडला. साळू म्हणाली, "ह्याला कोन घिऊन आलं?"

सामना पुन्हा शून्य-शून्य. पुन्हा लोक कंटाळले. मागं एकजण पहिल्यापासून शेवटपर्यंत शेंगा सोलत होता आणि टरफलं माझ्या पाठीवर पडत होती. मी हललो नाही. मला एका जागीच बघायचं होतं.

श्रीलंकेचा त्या बाजूचा पोरगा चपळ होता. त्यानं खूप प्रयत्न केले. धुळा त्याच्याकडं बघत उभा राहिला. तो डावीकडं सरकला की धुळा सरकायचा, तो थांबला की धुळा थांबायचा, आणि चेंडू कुठं जाणार ते चेंडू ज्याच्या पायात आहे त्याच्याआधी धुळाला कळायचं. मी हे त्याला शिकवलेलं नाही. हे तो माळावरून घेऊन आला होता, मी फक्त बूट दिले.

धुळाला आठ. मध्यंतरानंतर त्यानं एक पास आळसानं दिला, त्याचा एक कापला. दहावा मी कुणाला देत नाही. मागचे दोन तसेच राहतील, नियम नियम आहे. फक्त निघायच्या आधी मनुबाईला सांगून माझ्याकडच्या त्या सामन्याच्या कागदावर बारावं नाव लिहवून घेतलं आहे. 'परीक्षक हंबीरराव घार्गे : शून्य.'

शेवटची शिट्टी झाली तेव्हा लोक उठून चालायला लागले. असला सामना बघायला कोण येतं, असं म्हणत होते. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. माझ्याबरोबर साळूनं वाजवल्या, बाकी कुणीच नाही. धुळानं मान वळवून बघितलं. इतक्या लांबून तो हसला की नाही ते मला दिसलं नाही, पण त्यानं हात कपाळाला नेला, पलटणीत उस्तादाला करतात तसा. ते दिसलं. स्पष्ट दिसलं.

आता तू त्याची वाटी हातात घे, आणि किती दाणे पडले ते मला कळव. रिकामी असली तर मला लय बरं वाटेल.

तुझा
हंबीरराव